वरची मागची खोली

स्लॅबच्या दिवशी घरात लग्नासारखी गडबड असते, आणि लग्नात भांडणं निघतात तशी याही दिवशी निघतातच. कुंभार पिंपळगावात आदिनाथच्या नव्या घराचा पहिला स्लॅब टाकायचा होता त्या सकाळी भांडण निघालं ते आदिनाथच्या चुलत्याचं आणि त्या चुलत्याच्या सुनेचं. आता चुलता म्हटलं की माणसाला वाटतं, बांधावरून असेल, हिस्स्यावरून असेल, गेला बाजार मानपानावरून तरी असेल. छे! भांडण होतं एका बीमवरून. जमलेल्या भावकीचा अगदी हिरमोड झाला.

"अहो, गुडघा!" उमाबाई खालून ओरडल्या तेव्हा त्यांचे यजमान, म्हणजे तेच चुलते गिरिधरराव, शिडीच्या वरच्या टोकाला पोचले होते.

"गुडघा माझ्यासंगच आला वर," ते म्हणाले आणि सेंट्रिंगच्या फळ्यांवर उभे राहिले.

जुन्या जालन्यात मस्तगडाच्या आसपास निम्म्या इमारतींचे कॉलम-बीम या माणसाच्या हातून काढलेले. कागद, पेन्सिल आणि डोकं, एवढ्यावर त्यांनी जन्म काढला. गेल्या दिवाळीत त्यांनी ऑफिसची किल्ली सुनेच्या, यशश्रीच्या हातात दिली आणि घरी वर्तमानपत्र वाचत बसले. मुलगा पार्थ बदनापूरच्या संशोधन केंद्रात तुरीच्या वाणांत रमलेला, त्याला सिमेंटचं सोयरसुतक नव्हतं. सून मात्र त्यांच्याच विषयात शिकून आलेली. आदिनाथनं घराचं काढलं तेव्हा तो आधी काकाकडंच आला होता. "काका, नकाशा कुणीबी करो, लोखंडाचा हिशेब तुम्हीच काढून द्या," म्हणाला. गिरिधररावांनी सुनेकडं बोट दाखवलं. "ती काढील. माझ्याहून बरं काढील." आणि एकदा शब्द दिल्यावर त्यांनी तिच्या कामात डोकावूनसुद्धा पाहिलं नव्हतं. आज पहिल्यांदा पाहत होते, आणि नेमके आज पाहत होते.

सासरच्या गावातलं हे यशश्रीचं पहिलं काम. आज ते निभावलं तर उद्या सगळी भावकी तिच्या दारात येणार होती. नाही निभावलं तर जन्मभर "सुनंचं कंप्यूटरचं काम" म्हणून हसणार होती. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

गिरिधररावांनी हॉलच्या बीमच्या साच्यात हात घातला आणि वितीनं मोजलं. मग परत मोजलं.

"किती खोल आहे हा?"

"पंधरा इंच, बाबा."

"आणि गाळा? कॉलमपासून कॉलम?"

"अठरा फूट."

"मंग अठरा पाहिजे. फुटाला इंच. हे तर शेंबड्या पोराला बी माहीत असतं."

जालन्यात ते शुद्ध बोलत. गावात पाऊल टाकलं की त्यांची जीभ आपोआप घरी येई. आदिनाथ शिडीपाशीच होता. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "काका, कमी पडून राह्यलंय का काही? सांगा, आत्ताच सांगा. मशिन आलंय, टोळी आलीय."

"बाबा, तो ठोकताळा आहे," यशश्री म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिनं तो जपून वापरला. "सॉफ्टवेअरमध्ये सगळं तपासलंय मी. एकही बीम लाल नाही. सगळं हिरवं आहे."

"सगळं हिरवं तर माझ्या मोसंबीच्या बागंत बी दिसतं," आदिनाथ पुटपुटला. "फळं कुठं धरतेत सगळी?"

"तू गप रे!" खालून दुर्गाबाईंचा आवाज आला. आदिनाथची आई, गिरिधररावांची मोठी भावजय. त्यांचे यजमान धर्मराज गेल्यापासून घराचा सगळा कारभार त्यांच्या एका शब्दावर चाले, आणि तो शब्द गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जाई. "भावजी, पोरीला दम देऊ नका. शिकून आलीय ती. उगं नाही हिरवं म्हणत."

"वहिनी, दम न्हाई देत. इचारून राह्यलो."

"इचारायचं तर घरी इचारावं. चारचौघांत कामून?"

उमाबाईंना कुणाची बाजू घ्यावी ते कळेना. नवऱ्याची घ्यावी तर सून एकटी पडते, सुनेची घ्यावी तर संध्याकाळी घरी अबोला. त्यांनी आपली पूजेच्या ताटातली सुपारी उगीच पुसायला घेतली.

यशश्रीनं पायाशी पडलेला विटेचा तुकडा उचलला. "बाबा, बसा इथं. कंप्यूटर राहू द्या बाजूला, हातानं काढून दाखवते." आणि तिनं सेंट्रिंगच्या फळीवरच आकडे मांडायला सुरुवात केली. हा स्लॅबचा भार, हा भिंतीचा, हा माणसांचा. हा बीम एकटा नाही, दोन्ही बाजूंना पुढं चालूच आहे, म्हणून मधल्या पोटावर ताण कमी येतो. बीम कमी खोल ठेवला तिथं सळई वाढवली आहे. बीम किती लवेल त्याचा हिशेब हा असा. गिरिधररावांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि एकेक ओळ बोटानं वाचली. मधेच त्यांनी तिच्या हातातला तुकडा घेतला, एक गुणाकार स्वतः करून पाहिला, आणि पुन्हा तिच्या हातात दिला. खाली बायका, टोळीतली माणसं, शेजारपाजार, सगळे माना वर करून उभे. दहावीचा निकाल लागायचा असावा तसे.

"बराबर आहे," गिरिधरराव म्हणाले. "बिलकुल बराबर आहे. पंधरा पुरतो. मी सवयीनं बोललो."

"पास झाली का न्हाई पोरगी?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"पहिल्या नंबरात."

असा काही हशा पिकला म्हणता! दुर्गाबाईंनी जावेला कोपरखळी मारली. "बघ उमा, सून कशी असावी! सासऱ्याला सगळ्या गावापुढं हरवलं अन सासरा हसून राह्यला." आदिनाथसुद्धा हसला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. खोटं कशाला बोला, यशश्रीला फार म्हणजे फारच बरं वाटलं.

आणि बरं वाटलं की माणसाच्या कपाळी काहीतरी येतंच.

टोळीचा मुकादम पुंजाराम मिक्सरपाशी उभा राहून इशाऱ्याची वाट पाहत होता. चाल अशी की स्लॅबचं पहिलं घमेलं घरच्या वडीलधाऱ्या बाईनं हळदकुंकू वाहून ओतायचं. त्याप्रमाणं दुर्गाबाई लुगडं सावरत शिडी चढून आल्या. पण हातात ताट नव्हतं. पदरात काहीतरी जड होतं. त्यांनी ते फळीवर ठेवलं. मनगटाएवढी जाड लोखंडी कडी होती.

"यशश्री, ही कुठं बसवायची ते ह्या पुंजारामाला दाखव बाई. आदिनाथला चार दिवसांपासून सांगून राह्यले, त्याला ध्यानच न्हाई."

"कसली कडी, मोठ्या आई?"

"कप्पीचा खांब ह्यात उभा राहतो गं. मागच्या बाजूला, वरच्या खोलीच्या दारासमोर. खालून दोरानं वढलं की पोतं शीदं दारात. जिन्यानं पोती चढवून माणसांच्या कमरा मोडतेत."

यशश्रीच्या हातात अजून विटेचा तुकडा होता.

"कसली पोती?"

"सोयाबीनची! औंदाचं सगळं अजून पत्र्याखाली पडलंय. भाव कुठंय? भाव येईस्तोर ठेवायचं तर उंदरं ठेवू देतेत का? म्हणून आदिनाथला म्हणलं, वरची मागची खोली पोत्याला कर. वारं बी लागतं, उंदरं बी चढत न्हाईत. खिडकी बी बारीक ठेवाय लावली मी. थप्पी कशी शीदी छताला टेकती बघ."

"पण... नकाशात तर तिथं मास्टर बेडरूम आहे."

"ते व्हय," दुर्गाबाई हसल्या. "आदिनाथच म्हणला, नकाशा चार लोकायला दाखवावा लागतो. उद्या माझ्या नातीला, राजनंदिनीला पाहायला पाहुणे येतेन. त्यायला काय सांगायचं, हे सोयाबीनचं कोठार म्हणून? बेडरूम लिहिलेलं बरं दिसतं. लिहायला काय जातंय?"

आपल्याकडं हे असंच आहे. पंचक्रोशीत ज्याचं घर झालं त्याच्या नकाशात एक मास्टर बेडरूम आहे, आणि त्यातल्या एकाही मास्टर बेडरूममध्ये आजवर कुणी झोपलेलं नाही. एकात कांदा आहे, एकात ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आहेत, एकात रुखवताची भांडी. नकाशा पाहुण्यांसाठी असतो आणि घर आपल्यासाठी. यात कुणी कुणाला फसवत नाही, सगळ्यांना सगळं माहीत असतं. फक्त यशश्रीला माहीत नव्हतं, कारण ती नकाशा वाचून आली होती.

ती खाली उतरली. सिमेंटच्या गोण्यांवर तिची बॅग होती. तिनं लॅपटॉप उघडला, पण खरं तर उघडायच्या आधीच तिला कळलं होतं. झोपायच्या खोलीला जो भार धरतात तो तिनं धरला होता. पलंग, कपाट, चार माणसं. छतापर्यंत सोयाबीनची थप्पी म्हणजे त्याच्या आठ-दहापट. तिनं त्या एका खोलीचा आकडा बदलला आणि बटण दाबलं. स्लॅब लाल झाला. त्याच्या खालचे दोन्ही बीम लाल झाले. बाकी सगळं घर हिरवंगार, आणि मागचा एक कोपरा लालभडक. सॉफ्टवेअरचं काहीच चुकलं नव्हतं. त्याला बेडरूम सांगितली, त्यानं बेडरूम काढून दिली. तिथं पोती ठेवतात का, हे त्यानं विचारायचं नव्हतंच. ते तिनं विचारायचं होतं.

आणि तेव्हा तिच्या मनात आलं ते सांगितलं पाहिजे, कारण तिच्या जागी कुणाच्याही मनात तेच आलं असतं. गप्प बसावं. स्लॅब टाकून घ्यावा. दोन दिवसांनी आदिनाथदादांना बाजूला घेऊन सांगावं, की दादा, तिथं पोती नका ठेवू. आत्ताच तर सगळ्यांनी आपल्याला डोक्यावर घेतलं, आत्ताच तर बाबा हसले. आता उठून सगळ्यांदेखत सांगायचं, की मी हातानं काढून दाखवलं ते बरोबर, पण त्याच्या मागची खोली पार चुकली? तिचे डोळे भरून आले. लाज वाटत होती, आणि स्वतःचा रागही येत होता.

"काय झालं?"

गिरिधरराव शेजारी येऊन उभे होते. त्यांनी लॅपटॉपकडं पाहिलंच नाही. ते तिच्या तोंडाकडं पाहत होते.

"बाबा, मागच्या खोलीचा भार चुकलाय. मोठ्या आई वर सोयाबीनची थप्पी लावणार आहेत."

"किती पडंल?"

"आठ-दहापट."

त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा. मी ह्या गावात वाढलो. पोत्यांच्या थप्पीवर बसून अभ्यास केला मी, माझं डोकं आढ्याला लागायचं. आणि मला सुचलं न्हाई बघ! मी आपला बीमची वीत मोजीत बसलो."

"आता काय करायचं?"

"ते तू सांग. तुझं काम आहे." ते थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मी बोलू का? मी बोललो तर आदिनाथ मुकाट ऐकंल. म्हाताऱ्याची शंका म्हणून निभावून न्यायचं. तुझं नाव बी यायचं न्हाई."

तिनं पदरानं डोळे पुसले. मोह होता. सासरा स्वतः पुढं होऊन आपल्यावर घ्यायला तयार आहे, यापेक्षा माहेरची माया वेगळी काय असते? पण तिनं मान हलवली.

"नाही बाबा. मीच सांगते."

"सांग," ते म्हणाले. "मी शेजारी उभा राहतो."

तेवढ्यात मिक्सर धडधडायला लागला. पुंजारामानं पूजेची वेळ झाली म्हणून पहिला माल फिरवायला घेतला होता. यशश्री त्या आवाजातच पुढं झाली आणि दोन्ही हात वर करून म्हणाली, "थांबवा! दादा, मशिन थांबवा. आज स्लॅब टाकायचा नाही."

मशिन थांबलं. गोठ्यातल्या म्हशीनंसुद्धा मान वळवून पाहिलं.

तिनं सांगितलं. आडपडदा न ठेवता, सोप्या शब्दांत. खोली झोपायची म्हणून धरली, तिथं पोती येणार आहेत, तो स्लॅब पोत्यांना पुरणार नाही. नकाशात काय लिहिलंय ते मी वाचलं, खोलीत काय ठेवणार ते विचारलं नाही. चूक माझी आहे.

आदिनाथ आधी ऐकत राहिला, मग एकदम भडकला. "आत्ता? आत्ता सांगतीस? टोळी जालन्याहून आणली मी. पाहुणे आले, भटजीनं मुहूर्त काढला, स्वयंपाक झाला! अन आत्ता तर तू काकाला फळीवर लिहून दाखवत हुतीस, सगळं बराबर हाय म्हणून!"

"तो बीम बरोबरच आहे, दादा. ही खोली नाही."

"मी आधीच म्हणलो हुतो, काकानंच करावं. कंप्यूटरला काय कळतंय..."

"आदिनाथ," गिरिधरराव मधे पडले. "कंप्यूटरला तू बेडरूम सांगितली का कोठार?"

आदिनाथ गडबडला. "ते... ते नकाशावाल्याला सांगितलं हुतं. नकाशात तसंच लिहितेत काका, तुम्हाला तर माहितैच."

"मला माहीत हुतं. म्हणून तर मला बी चूक लागू. हिला कोण सांगणार हुतं?"

आता भावकीत कुजबुज सुरू झाली. मघाशी सुनेच्या बाजूनं हसणारी माणसं सरकून आदिनाथकडं गेली, आणि मघाशी काका काका करणारी आता काकांनाच जबाबदार धरू लागली. एकानं म्हटलं, चांगल्या कामात अपशकुन. दुसऱ्यानं म्हटलं, पोरीबाळींच्या हातात एवढं मोठं काम द्यायचंच नसतं. उमाबाई मघापासून सुपारी पुसत होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि सरळ यशश्रीच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. कुजबुज थोडी कमी झाली.

"बरं, असं करू," आदिनाथनं सुस्कारा टाकला. भांडखोर माणूस नव्हता तो, कात्रीत सापडला होता. "पोती वर ठेवत न्हाई. बस? घे माझा शब्द, सगळ्यांदेखत. खाली पत्र्यात ठेवू. वर खरंच पलंग टाकू. मंग तर तुझा स्लॅब बराबर हाय ना?"

सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. किती सोपं! पुंजाराम मशिनकडं वळलासुद्धा. "झालं की मग," कुणीतरी म्हणालं. यशश्रीनं सासऱ्याकडं पाहिलं. ते तिच्याकडंच पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. शब्द मिळाला होता. पलंग टाकला तर तिचा स्लॅब अगदी बरोबर होता. तिचं नावही राहत होतं, मुहूर्तही राहत होता.

ती दुर्गाबाईंकडं वळली. त्या अजून वर, फळ्यांवरच उभ्या होत्या, कडीशेजारी.

"मोठ्या आई, तुम्ही सांगा. नाही ना ठेवणार पोती?"

दुर्गाबाईंनी लेकाकडं पाहिलं. तो खालून डोळ्यांनी खुणावत होता, हो म्हण, हो म्हण. त्या कडीवरच बसल्या.

"ठेवीन गं," त्या म्हणाल्या.

"आई!"

"वरडू नको. इचारलं तिनं, सांगून राह्यले. औंदा न्हाई ठेवणार, शब्द ध्यानात राहील. पुढल्या साली बी राहील. मंग एखाद्या साली भाव पडंल, पत्र्यात जागा पुरायची न्हाई, पाऊस गळंल, अन मी म्हणीन, दोन पोती टाका वर, दोनानं काय हुतंय? दोन बघून तू चार टाकशील. चार हायेत तर मंग सगळीच टाका म्हणशील. तुझा बाप असाच हुता, तू असाच हाय, अन मी तुमच्याहून वाईट. यशश्री, माय, आमचा शब्द धरू नको. आम्ही ठेवू."

यशश्रीला त्या बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

"अन मला एक सांग," दुर्गाबाईंनी विचारलं, "त्या खोलीच्या खाली काय हाय?"

"माझी खोली!" आदिनाथची राजनंदिनी बारावीला होती. ती बायकांच्या घोळक्यातून आनंदानं ओरडली. "आजी, विसरलीस का? मागची शांत खोली मला दिलीय पप्पांनी, अभ्यासाला."

आदिनाथनं पोरीकडं पाहिलं. मग वर, स्लॅबसाठी बांधलेल्या सळयांच्या जाळीकडं पाहिलं. तो गेला आणि मिक्सरच्या चाकापाशी, खडीच्या ढिगावर बसला.

पुंजारामानं चांगला अर्धा विडा चघळेपर्यंत वाट पाहिली. टोळीचा मुकादम तो, त्याला भावनांपेक्षा मालाची काळजी. "मालक, पहिला माल फिरवलाय. घट्ट होईल. कुठं टाकू?"

"गोठ्यात टाक," दुर्गाबाई वरून म्हणाल्या. "म्हशीखाली लई चिखल झालाय." त्या शिडी उतरून आल्या. हळदकुंकवाचं ताट मागून घेतलं आणि स्वतः जाऊन पहिलं घमेलं गोठ्यात ओतलं. म्हशीला काही कळेना, पण तिचं नशीब उघडलं. टोळीतली पोरं खो खो हसायला लागली. आणि सकाळपासून पहिल्यांदाच यशश्रीही मनापासून हसली.

स्वयंपाक झालेला होता तो काही परत जाणार नव्हता. मोसंबीच्या झाडांखाली पंगत बसली. बहर नुकता धरला होता, सगळ्या बागेला वास होता. टोळीला पोटभर बुंदी आणि वरणबट्टी वाढली. पुंजारामानं मधेच सुचवून पाहिलं, मागची खोली सोडून बाकीचा स्लॅब टाकून घेऊ का. गिरिधरराव म्हणाले, "त्या बीमचं बी लोखंड बदलायचंय, तिथंच जुन्या-नव्या मालाचा सांधा येतो. न्हाई." आणि लगेच थबकून सुनेकडं पाहिलं. "का गं? बराबर आहे ना?"

"बरोबर आहे, बाबा. मधे एक बीम नवीन टाकावा लागेल, आणि स्लॅब जाड. पायाची काळजी नाही, तो आपण दादांच्या सांगण्यावरून पुढच्या आणखी एका मजल्याचा भार धरूनच काढलेला आहे. तरी मी घरी जाऊन परत बघते."

"कंप्यूटरवर?"

"कंप्यूटरवर. आणि हातानंही."

"मला दोन्ही दाखव. शिकव मला तो तुझा लाल-हिरवा. घरी बसून वर्तमानपत्र किती वाचायचं माणसानं?" त्यांनी स्वतःच्या पानातली बट्टी मोडून तिच्या पानात ठेवली. "खा. सकाळपासून पोटात काही न्हाई तुझ्या."

ती जेवली. शेजारी उमाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि दुर्गाबाई आलेल्या प्रत्येक बाईला मोठ्यानं सांगत होत्या, "स्लॅब आमच्या सुनंनं थांबवला. आमच्या सुनंनं!" सांगताना असं, की जणू थांबवण्यासाठीच मांडव घातला होता.

उन्हं कलायला लागली तेव्हा मशिन ट्रॅक्टरमागं लावून टोळी निघाली. त्यांना रस्त्यापर्यंत घालवून आदिनाथ परत आला. गिरिधरराव खाटेवर पडले होते. तो काकांपाशी घुटमळला. "काका, लोखंडाच्या नव्या नकाशावर सही तुम्ही कराल?"

"मी कामून? जिनं काढला तीच करंल."

"न्हाई म्हणजे..." आदिनाथ कान खाजवत राहिला. मग तिथून निघाला आणि घराच्या पायाशी आला. यशश्री एकटीच टेप घेऊन मागची खोली नव्यानं मोजत होती. तिनं मान वर केली. तिला वाटलं, आता उरलेला राग निघणार.

"मघाशी लई बोललो मी," तो म्हणाला.

"असू द्या, दादा."

"एक इचारू? काकाला न्हाई इचारत, तुला इचारून राह्यलो." त्यानं वरच्या जाळीकडं बोट केलं, मग खालच्या मोकळ्या जमिनीकडं. "तू नवं काढशील, मंग इथं... इथं राजनंदिनी झोपली तर चालंल?"

"चालेल."

"वर थप्पी छताला टेकली तरी?"

"टेकली तरी, दादा. बिनघोर झोपू द्या."

त्यानं मान डोलावली आणि बागेकडं तोंड करून हाक मारली, "राजनंदिनी! ये इकडं. भिंतीला रंग कोणता पाहिजे ते काकूला सांगून ठेव."